टेबलावरची प्रतिमा आणि तिचे वाचक

पोकर हा पत्त्यांचा खेळ आहे असे म्हणणे म्हणजे कादंबरी हा अक्षरांचा खेळ आहे असे म्हणण्यासारखे आहे. हातातले पत्ते झाकलेले असतात. उघडे असते ते खेळणाऱ्याचे वागणे. कोण किती वेळा पैसे लावतो, कोण कधी डाव सोडतो, ह्यावरून टेबलाभोवतीची मंडळी एकमेकांविषयी मत बनवत जातात. ह्या मताला खेळाडू 'टेबल इमेज' म्हणतात. साहित्याच्या वर्गात आपण निवेदकाच्या विश्वासार्हतेची जी चर्चा करतो, तिच्याशी ह्या कल्पनेचे नाते जवळचे आहे, असे आम्हांला वाटते.

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न ह्यांनी 1944 साली आपल्या खेळसिद्धान्तावरील ग्रंथात पोकरला स्वतंत्र विभाग दिला. हूल देण्याचे दोन हेतू त्यांनी सांगितले. पत्ते हलके असताना ते भारी असल्याचा आव आणणे हा पहिला, आणि तो कोणालाही सुचेल. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. जो केवळ भारी पत्त्यांवरच मोठी रक्कम लावतो, त्याच्यासमोर इतर सारे मुकाट्याने डाव सोडतात आणि त्याचे भारी पत्ते वांझ ठरतात. म्हणून अधूनमधून हूल द्यावी, आणि ती पकडली गेली तरी सारे नुकसान होत नाही. पेरलेली शंका पुढच्या डावात उगवते. मात्र गणितातल्या ह्या खेळाडूला नाव नाही, चेहरा नाही, पूर्वायुष्य तर नाहीच.

ते सारे डॉइल ब्रन्सन ह्यांच्याकडे भरपूर होते. टेक्ससमध्ये 1933 साली जन्मलेले ब्रन्सन बास्केटबॉलचे उत्तम खेळाडू होते. पाय मोडल्याने ते स्वप्न संपले. शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊनही ते मास्तर झाले नाहीत, टेक्ससमधल्या बेकायदा अड्ड्यांवर पत्ते खेळू लागले. पुढे लास व्हेगासच्या विश्वस्पर्धेचा मुख्य डाव त्यांनी 1976 आणि 1977 असा लागोपाठ दोनदा जिंकला, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हाती दश्शी आणि दुर्री होती. इतक्या हलक्या पत्त्यांवर विश्वविजेता होणारा माणूस पुढे कोणत्याही डावात काय धरून बसला असेल, ह्याचा अंदाज कोणी कसा बांधावा?

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आपली ही रीत एका जाडजूड ग्रंथात मांडली. 'सुपर सिस्टिम' ह्या नावाने तो पुढे प्रसिद्ध झाला. सतत चढाई करावी, लहानसहान डाव बिनविरोध गोळा करावेत, आणि त्या पैशांवर मोठ्या डावाची जोखीम घ्यावी, हे त्याचे सूत्र. ह्या पद्धतीने खेळणारा बेफाम दिसतो, आणि खरोखर भारी पत्ते आले की त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. फायदा असतो तो नेमका इथे. पुस्तक लिहून आपण स्वतःचेच नुकसान केले, अशी खंत ब्रन्सन ह्यांनी नंतर बोलून दाखवली. प्रतिस्पर्धीच त्यांचे वाचक झाले होते. तरीही ते पुढे जिंकत राहिले. विश्वस्पर्धेतले दहावे विजेतेपद त्यांना 2005 साली मिळाले. आमचा तर्क असा, की समोरच्याने काय वाचले आहे हे ठाऊक असणे हेही एक हत्यारच होते. (आपली शैली जाहीर करून टाकलेल्या कवीलाही ही सोय असते, पण तो विषय वेगळा.)

प्रतिमा नसणे हीदेखील प्रतिमाच असते, हे 2003 साली दिसले. टेनेसीतले हिशेबनीस ख्रिस मनीमेकर विश्वस्पर्धेच्या अंतिम टप्प्यात मुरलेले व्यावसायिक सॅम फारहा ह्यांच्यासमोर बसले होते. एका डावात मनीमेकर ह्यांच्याकडे राजा आणि सत्ती होती. जुळवाजुळव फसली होती, हाती काहीच नव्हते. त्यांनी होते नव्हते ते सारे लावले. फारहांकडे नव्वीची जोडी होती, म्हणजे ते पुढे होते. पण नवखा माणूस एवढी मोठी हूल देईल का? फारहा बराच वेळ विचारात पडले आणि त्यांनी डाव सोडला. अखेर मनीमेकर जिंकले.

झाकलेले पत्ते दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे दूरचित्रवाणीवरच्या प्रेक्षकाला हे सारे दिसत होते. नाटकातल्या प्रेक्षकाप्रमाणे तो पात्रांहून अधिक जाणत होता. मनीमेकर ह्यांना मात्र त्यानंतर नवखेपणाचा आडोसा कोणत्याच टेबलावर मिळणार नव्हता. ते चित्रीकरण त्यांच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्यांनीही पाहिले होते.