वसईचे दुभाषे संत : संत गोन्सालो गार्सिया



ज्युबिलीचा दिवस हा उपकारस्मरणाचा दिवस होय. परंतु त्याच दिवशीं अभिमानास मनांत शिरण्याची उत्तम वाट सांपडते. आमचें मंदिर, आमच्या वाडवडिलांची श्रद्धा, आमचा धर्मग्राम, असें म्हणतां म्हणतां देवाचें नांव मागें पडतें व आमचें पुढें येतें. सप्त महापापांत गर्वाला अग्रस्थान दिलें आहे. कारण इतर पापें दुष्कृत्यांच्या संगतीनें येतात, गर्व मात्र सत्कृत्यांच्याच आडून येतो. म्हणून आपल्याच भूमींत जन्मलेल्या एका संताचें चरित्र या दृष्टीनें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसई येथें झाला. वसई तेव्हां पोर्तुगीजांच्या अंमलाखालीं होती. तो अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत टिकला. पिता पोर्तुगीज, माता येथीलच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं ते शिकले व कोवळ्या वयांतच त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम रीतीनें हस्तगत केली व कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती पूर्ण झाली नाहीं.

अशा प्रसंगीं दुखावलेला मनुष्य सहसा दोन गोष्टी करतो: कुढत बसतो, किंवा आपल्यावांचून कोणाचें किती अडतें हें जगास दाखवूं पाहतो. गोन्सालो व्यापारांत शिरले आणि त्यांत त्यांची भरभराटही झाली. मानी मनुष्यास एवढें उत्तर पुरेसें झालें असतें. परंतु १५८८ च्या सुमारास तें सारें सोडून त्यांनीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघाचा झगा पत्करला, आणि तोही साध्या ब्रदरचा! ब्रदरला ना मिस्सा अर्पिण्याचा अधिकार, ना पापनिवेदन ऐकण्याचा. सेवा हेंच त्याचें पद.

१५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत ते दुभाषे म्हणून पुनः जपानला गेले. त्या राज्याचे सर्वाधिकारी हिदेयोशी हीन स्थितींतून वर चढलेले होते. १५९२ सालीं त्यांनीं कोरियावर स्वारी केली होती, आणि फिलिपाइन्सनेंही शरण यावें असा त्यांचा हट्ट होता. त्यांच्यापुढें गोन्सालो उभे राहिले, दुसऱ्याचें म्हणणें आपल्या मुखानें सांगण्यासाठीं. दुभाष्याचें काम मोठें विलक्षण आहे. जीभ त्याची, शब्द दुसऱ्याचे. बोलणें उत्तम साधलें तर मान दुसऱ्यास मिळतो. लीनतेचें याहून चांगलें शिक्षण कोणतें? क्योतो येथें या संघानें रोग्यांसाठीं रुग्णालयेंही चालविलीं.

१५९६ सालीं ‘सान फेलिपे’ हें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटलें. त्यावरून संशय व कोप वाढला, आणि धर्मप्रचारकांस देहान्ताची शिक्षा झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यांत आली व ऐन हिंवाळ्यांत त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं २६ जणांस क्रुसांवर चढवून भाल्यांनीं भोसकलें. त्यांत २० जण जपानी होते, एक बालक तर अवघें बारा वर्षांचें. आणि एकजण आपल्या वसईचे होते. पुढच्याच वर्षीं हिदेयोशीही मरण पावले. गोन्सालो यांस मात्र १६२७ सालीं धन्य व १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं संत म्हणून घोषित केलें.

बंधूंनो, हें चरित्र ऐकून ‘ते आमचे’ असा अभिमान बाळगणें सोपें आहे. पण सोयरिकीच्या वेळीं, मिरवणुकींत पुढें कोणीं चालावें या वादांत, ‘आम्ही कोण व ते कोण’ हा प्रश्न आपल्यांत अजून उठतो, त्याचें काय? आणि हा प्रश्न मी प्रथम स्वतःसच विचारतों. ज्या वेदीपाशीं मी प्रतिदिनीं उभा राहतों, ती या संतास कधींच लाभली नाहीं. तरी त्यांच्या मध्यस्थीची याचना मलाच करावी लागते.

लीनता म्हणजे स्वतःस तुच्छ लेखणें नव्हे. जें आहे तें देवाचें दान आहे, हें श्रद्धेनें ओळखून वागणें म्हणजे लीनता. शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूच्या कृपेनें या ज्युबिलीवर्षीं आपल्या प्रत्येकाच्या हातून निदान एक मानापमान विसरला जावो, एक अबोला सुटो, हीच प्रार्थना.