ओळीच्या क्रमांकात दडलेली जोडणी

सिल्वासाजवळच्या मसाट औद्योगिक वसाहतीच्या परिसरात पॉलिस्टर सुताचा धंदा मोठा आहे. पीओवाय, म्हणजे अर्धवट ताणलेले सूत आणखी ताणून, पीळ देऊन त्याचे डीटीवाय, म्हणजे फुगीर सूत करायचे, हे टेक्स्चरायझिंगचे काम. तयार सुताचा प्रकार चार गुणांनी ठरतो असे धरू: डेनिअर म्हणजे सुताची जाडी (७५, १००, १५०, ३००), फिलामेंट म्हणजे तंतूंची संख्या (३६, ७२, १४४), चमक (सेमी-डल, ब्राइट, फुल-डल) आणि इंटरमिंगलिंग म्हणजे तंतूंची गुंतवण (निम, सिम, हिम). एकूण जोडण्या ४ × ३ × ३ × ३ = १०८. हाताने लिहायला बसले की एखादी दोनदा येते, एखादी सुटते. हे काम प्रोग्रॅमचेच.

मात्र एक्सेलच्या पानावरची मांडणी आधी ठरवावी. एका जोडणीला एक ओळ, एका गुणाला एक स्तंभ. सगळे गुण एकाच चौकटीत कोंबले, तर नुसते ब्राइट सूत वेगळे काढतानाही धडपड होते. शिवाय डेनिअर आणि फिलामेंट जोडून ३०/१२ अशी नोंद टाइप केली की एक्सेल तिची ३० डिसेंबर ही तारीख करून टाकते.

मग क्रम. शेवटचा स्तंभ सर्वांत भरभर बदलावा, पहिला सर्वांत सावकाश. हा नियम पाळला की ओळीच्या क्रमांकावरून जोडणी काढता येते. ७७वी जोडणी घ्या. एक वजा करून ७६. तीनने भागले: भागाकार २५, बाकी १. पुन्हा तीनने: ८, बाकी १. पुन्हा: २, बाकी २. पर्याय शून्यापासून मोजायचे, म्हणून उलट्या क्रमाने वाचले तर १५०, १४४, ब्राइट, सिम. यादी न चाळता उत्तर मिळाले. ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. पिंगलाच्या छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सर्व रचना क्रमाने मांडणे म्हणजे प्रस्तार, क्रमांकावरून रचना शोधणे म्हणजे नष्ट, आणि रचनेवरून क्रमांक काढणे म्हणजे उद्दिष्ट. आपला भागाकार म्हणजे नष्टच. फक्त तिथे दोनाने भागतात.

कोणते घटक घ्यायचे, कोणते नाही, या निवडीचा प्रश्न मात्र वेगळा. ११५०च्या लीलावतीत भास्कराचार्य सहा रसांची मिश्रणे मोजतात: ६३. इथे प्रत्येक रसाला आपला स्तंभ द्यावा आणि आत १ किंवा ० लिहावे. मिश्रणागणिक कमी-जास्त स्तंभ वापरले की कोष्टक विस्कटते.

प्रत्यक्ष लिहिताना चौकटीमागून चौकट भरू नये. प्रत्येक वेळी प्रोग्रॅमला एक्सेलचे दार ठोठावावे लागते आणि काम रेंगाळते. सगळे दोन-मितींच्या अॅरेत, म्हणजे स्मृतीतल्या कोष्टकात तयार करून एकदम उतरवावे. एक-मितीची अॅरे उभ्या पट्ट्यात टाकली तर पहिलीच किंमत खालपर्यंत उमटते. नवख्यांचा कित्येक तासांचा वेळ इथे जातो.

मर्यादाही ध्यानात हवी: एका पानावर १०,४८,५७६ ओळी. दहा-दहा पर्यायांचे सात स्तंभ घेतले तरी जोडण्या एक कोटी होतात. जुन्या एक्सएलएस प्रकारात तर ६५,५३६ ओळीच मावत. २०२०मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत त्यामुळे १५,८४१ कोरोना रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत. म्हणून लिहिण्याआधीच गुणाकार करून पाहावा.

१०८पैकी काही सुते यंत्रावर निघणारच नाहीत, काहींना गिऱ्हाईक नसेल. त्या ओळी पुसू नयेत, कारण त्या गेल्या की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. गुणांच्या आधी वेगळ्या स्तंभात १ ते १०८ क्रमांक कायमचा लिहावा आणि शेवटी ‘बनते’ किंवा ‘बनत नाही’ एवढा एक स्तंभ जोडावा.