सायकलचं एकच पोस्टर कुठे ८०० रुपयांना मिळतं, कुठे लाखांत जातं: फरक नेमका कशाचा?

इन्स्टाग्रामवर सायकलचं एखादं रील दोनदा थांबून बघितलं की पुढचे आठ दिवस फीडमध्ये काय येतं ते तुम्हाला माहितीये. हेल्मेट, जर्सी आणि जुन्या फ्रेंच पोस्टरच्या जाहिराती. वाकून पेडल मारणारा रेसर, वर मोठी फ्रेंच अक्षरं, आणि खाली 'लिमिटेड एडिशन', 'म्युझियम क्वालिटी', 'फक्त ३ शिल्लक'.

मागच्या वर्षी यातलंच एक पोस्टर मी घेतलं. बाबांची साठी होती. पिंपरीच्या कंपनीत ते २२ वर्षं सायकलवर गेले, म्हणून म्हटलं भिंतीवर सायकल पाहिजेच. किंमत ६,५०० रुपये. कोपऱ्यात पेन्सिलीने ४७/५०० लिहिलेलं, त्यामुळे आपण काहीतरी भारी घेतलंय असं वाटत होतं. नंतर सहज मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून बघितलं, तर तो पेन्सिलीचा आकडासुद्धा बारीक बारीक रंगीत ठिपक्यांनी बनलेला. म्हणजे नंबरही छापलेला! विक्रेत्याला विचारलं तर त्याने आधी 'प्रिंटच आहे ना मॅडम' असं उत्तर दिलं आणि मग ब्लॉक केलं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय. कागदावर छापलेल्या सायकलची किंमत ठरवतं कोण आणि कशावरून?

आधी त्या पोस्टरची गोष्ट

मी घेतलेल्या चित्राचं नाव 'ला शेन सिम्प्सन', म्हणजे सिम्प्सनची चेन. काढलंय आंरी द तुलूझ-लोत्रेकने, १८९६ साली. मुलां रूजच्या नर्तकींची पोस्टर्स करणारा तोच चित्रकार. त्याचा मित्र त्रिस्तां बेर्नार हा लेखक पॅरिसमधला एक सायकल रेसिंगचा ट्रॅक सांभाळायचा, त्यामुळे लोत्रेकही तिथे पडीक असायचा.

काळ बघा. १८८५ मध्ये आजच्यासारखी, दोन्ही चाकं जवळपास सारखी असणारी सायकल इंग्लंडमध्ये आली. १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला. त्यानंतरच्या दहा वर्षांत युरोप आणि अमेरिकेत सायकलचं अक्षरशः वेड लागलं. कंपन्या ढिगाने निघाल्या आणि सगळ्यांना जाहिरात हवी होती. योगायोग असा की त्याच काळात रंगीत शिळाछापाचं तंत्र ज्यूल शेरेसारख्या लोकांनी पॅरिसच्या भिंतीभिंतीवर नेलं होतं. टीव्ही नव्हता, रेडिओ नव्हता. रस्त्यावरचं पोस्टर हीच मोठी जाहिरात.

सिम्प्सन नावाच्या इंग्रज माणसाने एक विचित्र आकाराची चेन बनवली होती. या चेनमुळे सायकल जास्त वेगाने पळते असा त्याचा दावा होता. त्यासाठी त्याने जून १८९६ मध्ये लंडनच्या कॅटफर्ड ट्रॅकवर शर्यती लावल्या, आणि आपले रेसर साध्या चेनवाल्यांना हरवतील यावर एकास दहा अशी पैज घेतली. त्याचे रेसर जिंकलेही, कारण त्याने माणसंच तगडी घेतली होती. चेनमध्ये तसा काही दम नव्हता आणि थोड्याच वर्षांत ती विस्मरणात गेली. पोस्टर तेवढं राहिलं.

त्यातही गंमत आहे. लोत्रेकने सिम्प्सनसाठी पहिल्यांदा केलेलं पोस्टर वेगळंच होतं. त्यात जिमी मायकेल हा वेल्सचा छोटासा रेसर, त्याच्या तोंडात टूथपिक आणि बाजूला बॅगेत काहीतरी शोधणारा त्याचा ट्रेनर. कंपनीवाल्यांनी ते नाकारलं. का? तर सायकलची यंत्रणा चुकीची काढली म्हणून! चेनच्या जाहिरातीत चेनच्याच भागात घोळ. मग लोत्रेकने दुसरं केलं, त्यात फ्रेंच रेसर कॉन्स्तां ह्युरे आहे, आणि तेच भिंतींवर लागलं. नाकारलेल्या चित्राच्या थोड्याच प्रती निघाल्या, त्याही एका रंगात. आज संग्राहकांना ती नाकारलेली प्रत जास्त दुर्मिळ वाटते.

हे मी बाबांना सांगितलं तर ते उठून भिंतीजवळ गेले आणि पाच मिनिटं फक्त चेन बघत बसले.

मग 'ओरिजिनल' म्हणायचं कशाला?

इथेच सगळ्यांची गल्लत होते. चित्र एकच असतं तेव्हा ओरिजिनल कोणतं ते कळतं. पण पोस्टर मुळातच शेकड्याने छापलेलं. मग मूळ प्रत कुठली?

उत्तर छापण्याच्या पद्धतीत आहे. शिळाछापात गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढतात. दगड ओला करतात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे छपाईची शाई फक्त चित्राला धरते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उठतो. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड. त्या वेळी त्या दगडांवरून निघालेला कागद म्हणजे मूळ प्रत. मग त्या ५० निघोत की ५,०००.

आपल्याकडे हे अगदीच परकं नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती याच तंत्राने छापलेली असायची. पॅरिसच्या भिंतींवर सायकली छापल्या जात होत्या तेव्हा इकडे देव छापले जात होते. त्या छापखान्याच्या जुन्या प्रतींना आज संग्राहक पैसे मोजतात, आणि त्याच चित्राचं नवं कॅलेंडर वाण्याकडे फुकट मिळतं. सायकलच्या पोस्टरचंही तसंच आहे.

कस्टमवाल्यांची व्याख्या तर आणखी कडक आहे. आयात-निर्यातीच्या दरसूचीत ९७०२ हा क्रमांक मूळ छापचित्रांचा. त्यात बसायचं तर छापा कलाकाराने पूर्णपणे हाताने तयार केलेला हवा आणि छपाई थेट त्यावरून झालेली हवी. यांत्रिक किंवा फोटोवरून केलेली छपाई चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये या मूळ छापचित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. माझं ६,५०० रुपयांचं चित्र या व्याख्येच्या जवळपासही फिरकत नाही.

किंमत कशी चढते

ला शेन सिम्प्सनच्या १८९६ च्या चांगल्या प्रतीला परदेशी लिलावात हजारो डॉलर मिळतात, कधी दहा हजारांच्या बऱ्याच वर. त्यावर लिलाव कंपनीचं खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन वेगळं, तेही साधारण पाव हिस्सा.

एवढे पैसे कशाचे? पहिलं नाव. लोत्रेकची सायकल आणि अनामिक चित्रकाराची सायकल यात दरी असते. दुसरं, किती प्रती वाचल्या. पोस्टर स्वस्त कागदावर छापायचे, भिंतीला डकवायचे, पावसात ते जायचं. जे वाचलं ते बहुतेक दुकानदारांकडून किंवा शौकिनांकडून वाचलं. पॅरिसमध्ये १८९० च्या दशकातच पोस्टर जमवायचं खूळ होतं आणि ती विकणारे डीलरही होते. तिसरी, अवस्था. या व्यापारात ए, बी, सी अशा श्रेणी असतात. कडा कापल्यात का, घड्या किती, फाटलेल्या जागी नंतर रंग भरलाय का, यावर किंमत खूप खाली येते. पोस्टर मागून कापडाला चिकटवलेलं असेल तर घाबरू नका, जतन करायची ती नेहमीची पद्धत आहे.

मधला एक पर्यायही आहे, जो फार लोकांना माहीत नसतो. १८९५ ते १९०० या काळात पॅरिसच्या शे छापखान्याने गाजलेल्या पोस्टर्सच्या छोट्या आवृत्त्या काढल्या. 'मेत्र द लाफिश' नावाची ही २५६ चित्रांची मालिका. सिम्प्सनचं पोस्टर त्यातही आहे. कोपऱ्यात कागदावर उठावाचा शिक्का असतो. ही त्या काळची खरी शिळाछाप प्रत, पण आकार लहान आणि किंमत मोठ्या पोस्टरच्या मानाने बरीच कमी.

आणि त्याखाली सगळं आजचं. ८०० रुपयांचं पोस्टर, ६,५०० चं पोस्टर, दोन्ही बहुतेक एकाच फाइलवरून येतात. लोत्रेक १९०१ मध्ये वारला, कॉपीराइट कधीच संपलाय. भारतात ही मुदत कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे कुणीही छापू शकतं, यात बेकायदा काही नाही. न्यूयॉर्कचं मेट म्युझियम २०१७ पासून कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींचे मोठे फोटो फुकट देतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरही जुन्या सायकल पोस्टरच्या मोठ्या फाइल मिळतात. पुण्या-मुंबईतल्या चांगल्या प्रिंटवाल्याकडे पेन ड्राइव्ह नेला तर जाड कागदावरची प्रत कितीतरी स्वस्तात पडते. मला हे आधी कळलं असतं तर!

जाहिरातीत 'जिक्ले' असा शब्द दिसला तर दचकू नका. १९९१ मध्ये एका अमेरिकन प्रिंटरने इंकजेटला दिलेलं ते फ्रेंच धाटणीचं नाव आहे. चांगल्या शाईचं, चांगल्या कागदावरचं असेल तर प्रिंट टिकतंही बरंच. पण आहे इंकजेट.

घेताना काय बघायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, नाहीतर मोबाइलची मॅक्रो लेन्स. निळ्या, किरमिजी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची नियमित जाळी दिसली तर ऑफसेट. फवारल्यासारखे अतिबारीक कण दिसले तर इंकजेट. शिळाछापात रंग सलग दिसतो किंवा खडूची ओबडधोबड रवाळ खूण असते.

आकार मोजा. सिम्प्सनचं मूळ पोस्टर साधारण ८३ बाय १२० सेंटीमीटर आहे. ए-३ कागदावरचं 'ओरिजिनल' कुणी दाखवलं तर विषय तिथेच संपला.

नंबरावर भुलू नका. १८९० च्या दशकातल्या जाहिरातीच्या पोस्टरवर साधारणपणे असे नंबर नसायचेच. आजच्या कलाकाराने स्वतः केलेल्या लिनोकट किंवा स्क्रीनप्रिंटवर मात्र ते असतात आणि तिथे त्यांना अर्थ असतो. १२/५० म्हणजे ५० पैकी बारावी प्रत, ५० नंतर छापा बंद. कागद तिरका धरला की खरी पेन्सिल चमकते आणि तिचा दाब दिसतो. विक्रेत्याला लेखी विचारा: एकूण प्रती किती, छपाई कोणती, दुसऱ्या आकारात पुन्हा छापणार का? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण गप्प होतात, कारण ए-३ मध्ये ५०० आणि ए-२ मध्ये आणखी ५०० असा खेळ सर्रास चालतो.

साताठ हजार खर्च करायचेच असतील तर माझं मत सरळ आहे. मेलेल्या फ्रेंच माणसाच्या इंकजेटपेक्षा जिवंत कलाकाराचं मुद्राचित्र घ्या. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये हा विषय शिकवतात, विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात हाताने छापलेलं काम बघायला मिळतं. सायकल काढून द्या असं सांगताही येतं. पुढे भाव वाढेल म्हणून मात्र घेऊ नका. सजावटीच्या प्रिंटला पुन्हा विकायला गेलं तर फ्रेमचे पैसेही सुटत नाहीत.

फ्रेमवरून आठवलं. आपल्या हवेत कागदाचा खरा शत्रू ओल आहे. चित्र काचेला थेट चिकटू देऊ नका, मध्ये ॲसिड-फ्री माउंट घ्यायला सांगा आणि मागे साधा पुठ्ठा लावू नका, त्याचे तपकिरी डाग पुढे उमटतात. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर टांगायचं नाही, दुपारचं ऊन पडतं तिथे तर नाहीच. आमचं पोस्टर आधी गॅलरीच्या दारासमोर होतं. बाबांनी जुलैमध्येच ते उचलून टीव्हीच्या वर लावलं, नंबर छापलेला आहे हे कळल्यानंतरही.