कण्हेरीचे कूळ

पूर्णेच्या दोन्ही तीरांना दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या तालुक्यांतून सुमारे ४.७ लाख हेक्टर भूमी व्यापून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथे विहिरीस पाणी लागल्याचा आनंद फार वेळ टिकत नाही. कारण ते पाणी तोंडात धरवत नाही, आणि हौसेने लावलेल्या गुलाबास घातले तर त्याची पाने कडेकडेने करपू लागतात. अशा मुलखात, वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला असता, रस्त्याच्या कडेस, देवळाच्या आवारात किंवा एखाद्या पडक्या वाड्याच्या परसात जे झुडूप हिरवेगार राहून वर गुलाबी झुबके मिरविते, ते बहुधा कण्हेरीचे असते. तिच्याकडे कोणी कौतुकाने पाहत नाही. जे मागितल्यावाचून मिळते त्याची किंमत वऱ्हाडातच काय, कोठेच होत नाही. परंतु कुळाच्या दृष्टीने पाहू गेल्यास आपल्या अंगणातील मोगरा, गुलाब, बोगनवेल या सर्वांमध्ये जुन्या घराण्याचा दाखला मागावयाचा तर तो हिच्याकडेच मागावा लागेल.

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापासून इराण आणि भारतावरून थेट चीनपर्यंत कण्हेरीचे वतन पसरलेले आहे. आणि माणसाने तिला इतक्या प्राचीन काळापासून हाती धरून फिरविले आहे की, तिचे मूळ गाव यांपैकी नेमके कोणते हा कज्जा अद्याप निकालात निघालेला नाही. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेथील भिंतींवर रंगविलेल्या उद्यानचित्रांतून ती फुललेली आढळते. आपल्याकडे संस्कृत वाङ्मयात ती 'करवीर' या नावाने वावरते, आणि कोल्हापूरच्या देवीचे क्षेत्रही हेच नाव धारण करते. अमरकोशकाराने तिच्या पर्यायांत 'हयमारक' असेही एक नाव नोंदविले आहे. घोड्यास मारणारी ही ख्याती कोशात जाऊन बसावी, यावरून त्या काळच्या अश्वपालांस तिचा अनुभव किती वेळा आला असेल याची कल्पना करावी. आयुर्वेदाच्या रसशास्त्राने तिला उपविषांत बसविले, आणि शोधन केल्यावाचून तिचा उपयोग करू नये असा निर्बंध घातला.

एकीकडे शंकराला पांढरी आणि देवीला तांबडी कण्हेर वाहावी हा आपल्याकडील परिपाठ. अकोल्याच्या राजराजेश्वराच्या वा अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनास निघालेल्या भाविकास तिच्या विषारीपणाचे काही वाटत नाही. दुसरीकडे शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'च्या दहाव्या अंकात चारुदत्तास वधस्थानी नेतात तेव्हा त्याच्या गळ्यात जी माळ घातलेली असते तीही करवीराचीच; देहदंड झालेल्या माणसाच्या गळ्यात ही फुले घालण्याची त्या काळची रीतच होती. देवाच्या मस्तकावर आणि वध्याच्या गळ्यात, अशी दोन्हीकडे वहिवाट असलेले फूल आपल्या बागेत दुसरे असल्यास मला ठाऊक नाही.

युरोपीय पंडितांच्या दप्तरात आपल्याकडील कण्हेर दाखल झाली ती मलबारच्या वाटेने. डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ प्रसिद्ध करविला, त्यात ती 'अरेली' या मलबारी नावाने येते. आणि आपणांस अगत्याची गोष्ट अशी की, त्या ग्रंथाच्या सिद्धतेस रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे साहाय्य होते व त्यांचे प्रमाणपत्र ग्रंथाच्या आरंभी नागरी लिपीत छापलेले आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने तिला 'नेरियम ओलिअँडर' हे नाव दिले. भारतीय कण्हेरीच्या फुलास सुगंध असतो आणि युरोपातीलीस तो बहुधा नसतो, हे पाहून १७६८ मध्ये फिलिप मिलर या माळी-पंडिताने भारतीय शाखेस 'नेरियम इंडिकम' म्हणून स्वतंत्र संसार मांडून दिला. परंतु पुढील शास्त्रज्ञांनी ही वाटणी नामंजूर केली आणि दोन्ही शाखा पुन्हा एकाच कुळात आणल्या.

जिला आपण पिवळी कण्हेर किंवा बिट्टी म्हणतो, ती मात्र या घराण्यातील नव्हे. पाने तशीच लांबट, विष तसेच जहाल, आणि कुटुंबही व्यापक अर्थाने एकच. पण तिचे माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, म्हणजे पोर्तुगीज-स्पॅनिश गलबतांचा फेरा सुरू होण्यापूर्वी ती आपल्या देवघरात येणे शक्यच नव्हते. आंद्रे थेवे नावाचा एक फ्रेंच धर्मोपदेशक १५५५ मध्ये ब्राझीलला गेला, आणि तेथील आदिवासी हिच्याच एका भावंडाच्या कठीण फळकवचांचे घुंगरू करून पायांत बांधतात हे त्याने लिहून ठेवले. त्याचेच नाव पुढे 'थेवेशिया' म्हणून या जातीस चिकटले. आता शास्त्रात तिला 'कॅस्काबेला' म्हणतात, त्याचाही अर्थ घुंगरूच. आपली पोरे बिट्ट्या खेळतात तेव्हा नकळत तीच परंपरा चालवितात. फक्त खेळून झाल्यावर हात धुण्याचा दंडक आईने घालावा, आणि आतील बी फोडू देऊ नये.

वऱ्हाडच्या उन्हास कण्हेर कशी पुरून उरते, याचे उत्तर तिच्या पानात आहे. अमरावती-अकोल्याच्या विज्ञान महाविद्यालयांतून वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस जी पाने उभी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयास लावतात, त्यांत कण्हेरीचे पान ठरलेले. वरची कातडी एकपदरी नसून दोनतीन थरांची आणि तिच्यावर मेणाचा जाड लेप. खालच्या बाजूस पाहावे तर श्वसनाची रंध्रे उघड्यावर नसून लहान लहान खळग्यांत दडविलेली, आणि त्या खळग्यांच्या तोंडाशी बारीक केसांची दाट लव. बाहेर उन्हाच्या झळा वाहत असल्या तरी या खळग्यांतील हवा दमट राहते आणि पानातील पाणी सहजी उडून जात नाही. तीन तीन पाने एकाच पेरावर चक्राकार येतात, हेही जाता जाता पाहून ठेवावे. फुलांच्या बाबतीत मात्र ही झाडे पक्की हिशेबी आहेत: रंग आणि गंध यांचा एवढा थाट मांडून आत मधाचा थेंबही ठेवलेला नसतो, आणि येणारे कीटक केवळ भ्रमाने येऊन पराग वाहून नेतात. जपानमधील हिरोशिमा शहराने १९७३ मध्ये कण्हेरीस नगरपुष्प म्हणून मान दिला, तो अणुबाँबने होरपळलेल्या भूमीत ती लवकर फुलून आली म्हणून. तिचा चिवटपणा जगाने मान्य केल्याचा याहून थोर पुरावा कोणता द्यावा?

तथापि चिवट झाड म्हणजे दुर्लक्ष करण्याचे झाड, असा समज करून घेतल्याने पुष्कळ कण्हेरी वाया जातात. आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. यांपैकी भेगा कण्हेर सोसते, परंतु मुळाशी तुंबलेले पाणी तिला सोसवत नाही. म्हणून खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल घेऊन तळाशी वीतभर मुरूम व विटांचे तुकडे घालावेत, माती आणि कुजलेले शेणखत भरून बुंध्याशी उंचवटा करावा. खारे पाणी ती पुष्कळ सोसते, पण त्यालाही सीमा आहे. पावसाळ्यात साचलेले मीठ धुऊन जाईल असा निचरा असला म्हणजे खारपाणपट्ट्यातही तिची फिर्याद उरत नाही. पहिले वर्ष पाणी नियमाने द्यावे, पुढे उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर दिले तरी चालते. सावलीत लावाल तर पाने मिळतील, फुले मिळणार नाहीत.

फुले नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे छाटणीचा सगळा नियम आपोआप समजतो: थंडी ओसरू लागली, माघ संपत आला, की जुन्या फांद्या तिसऱ्या हिश्शाने कमी कराव्या. एकेरी फुलांच्या कण्हेरीस लांब जोडशेंगा धरतात आणि त्या तडकल्या की केसाळ बिया वाऱ्यावर निघतात; बहर लांबवावयाचा असेल तर त्या कोवळ्या असतानाच खुडाव्या. कोवळ्या शेंड्यांवर हळदीसारखा पिवळा, काळ्या पायांचा मावा येतो. पाण्याचा जोरदार फवारा आणि गरज पडल्यास निंबोळी अर्क एवढ्याने तो हटतो. पानाखाली चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत कोश लोंबताना दिसला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांच्या एका तपकिरी फुलपाखराचा आहे असे समजून त्यास राहू द्यावे. चार पाने गेल्याने कण्हेरीचे काही बिघडत नाही.

विषामुळे आजवर बदनाम झालेल्या या झाडास अलीकडे त्याच गुणावर सरकारदरबारी नोकरी मिळाली आहे. नागपूरहून अमरावती-अकोल्यावरून सुरतेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा सहा आणि आताचा त्रेपन्न क्रमांकाचा, याच खारपाणाच्या मुलखातून जातो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरून गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली ती याच रस्त्यावर. अशा चौपदरी रस्त्यांच्या दुभाजकावर कण्हेर लावण्याची रीत आता देशभर रूढ आहे. कारण ती समोरून येणाऱ्या दिव्यांचा झोत अडविते, धूर सोसते, आणि मुख्य म्हणजे शेळी तिला तोंड लावीत नाही. हयमारकाची ही बढती मला तरी न्याय्य वाटते.

ज्यांस यंदा कण्हेर लावावयाची असेल त्यांनी विकतच्या रोपासाठी खर्च करू नये. मृगाच्या सरी पडल्या की कोणाही शेजाऱ्याकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी मागून घ्यावी, खालची पाने काढून ती ओल्या रेतीत किंवा नुसत्या पाण्याच्या बाटलीत उभी करावी. तीनचार आठवड्यांत मुळे फुटतात. छाटणी करताना चीक डोळ्यांस लागू देऊ नये, छाटलेल्या काड्या चुलीत वा शेकोटीत घालू नयेत, त्यांवर कणसे भाजू नयेत, आणि गोठ्याच्या गव्हाणीपासून व रांगत्या मुलाच्या हातापासून झाड दूर असावे.