दोराबजी टाटांचा दुसरा शोध

वर्धा नदीच्या पलीकडला आमचा गडचांदूर तेव्हा निजामाच्या राज्यात मोडे; अलीकडे होता इंग्रजांचा चांदा जिल्हा. त्या चांद्याच्या रानात १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा लोखंड शोधत हिंडत होते. बरोबर चार्ल्स वेल्ड हा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ. प्रवास बैलगाडीचा आणि पाण्याचे हाल. लोहाऱ्याचे लोखंड चांगले निघाले, पण मोठ्या कारखान्याला पुरण्यासारखे नव्हते. वरोऱ्याचा कोळसाही भट्टीच्या उपयोगाचा ठरला नाही. शोध चांदा सोडून पुढे सरकला आणि कारखाना अखेर साकचीला उभा राहिला. ही हकिकत आमच्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. दोराबजींच्या दुसऱ्या शोधाची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही.

पुढे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्यांना अध्यक्ष केले. तेथील शर्यतींत धावणारे बहुतेक शेतकरी, तेही अनवाणी. शिक्षण नाही, पद्धतशीर सराव नाही. तरी लांब पल्ल्याच्या त्यांच्या वेळा युरोपातील वेळांच्या आसपास जातात, हे केंब्रिजला शिकलेल्या या गृहस्थाने ताडले. जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदाला त्यांनी शंभर यार्डांना किती वेळ लागावा असे विचारले, तर उत्तर मिनिटांच्या हिशेबात आले! येथे सेकंदाचे दशांश मोजतात, हे ऐकून तो बिचारा थक्क झाला.

हौशी खेळाडूने खेळातून पैसा घेऊ नये, हा त्या काळचा दंडक. विल्यम कर्टिस प्रभृतींनी १८६८ साली न्यूयॉर्क ॲथलेटिक क्लब काढला, तेथील सुस्थित मंडळींना तो पाळणे जड नव्हते. पण अनवाणी शेतकऱ्याने बोटीचे भाडे कोठून आणावे? माझ्या मते दोराबजींचे खरे मोठेपण येथे आहे. त्यांनी गव्हर्नर लॉईड यांच्यामार्फत हिंदुस्थानला ऑलिंपिकचा दरवाजा उघडून घेतला आणि खर्चाला स्वतःच्या खिशात हात घातला. १९२० साली अँटवर्पला फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना निघाली, तिचे पहिले अध्यक्ष दोराबजीच झाले. १९३२ साली ते जर्मनीत वारले.

भाड्याचा प्रश्न मात्र राहिलाच. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना वर्गणी मागत फिरावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले.