पिस्टन गेलो, पण कित्याक?

१ जून ते ३१ जुलै. यांत्रिक मासेमारी बंद. आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर हा इंजिनं उघडायचा हंगाम. यंदा मात्र शेजारच्या खळ्यात ताडपत्रीखाली उघडलं गेलं ते बोटीचं नाही, टुरिस्ट गाडीचं टर्बो डिझेल इंजिन. एका पिस्टनचा माथा वितळलेला. गाडीवाला नवीन पिस्टन आणि रिंगा घेऊनच बसला होता. मिस्त्री आयुष्यभर बोटींची इंजिनं खोलणारे. ते म्हणाले, "पिस्टन गेलो, ता दिसता. पण कित्याक गेलो, ता आधी बघूया."

ही नजर वर्कशॉपच्या वर्गात तयार झालेली नाही. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३०च्या दशकात डिझेल इंजिन बनलं. देशातल्या अगदी पहिल्या इंजिनांत त्याची गणना होते. हेच कूपर १९३७मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री झाले. १९४६मध्ये किर्लोस्करांची ऑइल इंजिन कंपनी उभी राहिली. आधी विहिरीवर, गिरणीत आणि पुढे होडीत डिझेल इंजिन आलं. पण भर पावसात घाट उतरून कंपनीचा माणूस कधी येणार? बिघडलं की इथल्याच माणसाने उघडायचं. चुकत चुकत शिकायचं.

टर्बोही नवीन नाही. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांचं त्यावरचं पेटंट १९०५चं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर पाती फिरवायची आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबायची. ताकद वाढते, तशी पिस्टनवरची उष्णताही वाढते. म्हणून बऱ्याच इंजिनांत पिस्टनच्या पोटावर खालून तेलाची धार मारलेली असते. ती तुंबली किंवा वरचा इंजेक्टर गळू लागला, की नवा पिस्टनही तसाच जळणार.

मिस्त्रींनी तेलाच्या वाटा साफ केल्या, बोअर मापला, रिंगांची फट बघितली. दोष इंजेक्टरमध्ये निघाला. नवा आणला, पिस्टन बसला. आणि तिथेच काम अडलं. या गाडीत नव्या इंजेक्टरचा कोड कॉम्प्युटरला द्यावा लागतो, नाहीतर डिझेलचं माप चुकतं. पाने होते, अक्कल होती, कोड नव्हता. तेवढ्यासाठी गाडी टोचन लावून न्यावी लागली.

केंद्राने २४ डिसेंबर २०२२ला 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी त्यात चार क्षेत्रं. चांगलंच झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आणि बोटीचं इंजिन त्या चारांत वेगळं कुठेच नाही.

फुकट काही नको. दुरुस्तीची माहिती आणि कोड रास्त दरात, गावातल्या स्वतंत्र मिस्त्रीलाही मिळू देत. उद्या बोटींतही अशीच इंजिनं येतील. तेव्हा १ ऑगस्टला होडी पाण्यात जाणार की कोडची वाट बघत किनाऱ्यावर राहणार? आमदार, खासदारांना हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा.

तुमच्या गावात असे मिस्त्री असतील तर कमेंटमध्ये त्यांच्याबद्दल जरूर लिहा.