विज्जलवीड आणि एकसष्टचा प्रश्न

निजामाच्या अमदानीत मोगलाईतील एक दूरचा मुलूख म्हणून ज्याची गणना होत असे, त्या बीडच्या नावाशी भारतीय गणिताच्या इतिहासातील एक जुना वाद निगडित आहे. भास्कराचार्यांनी आपले जन्मवर्ष शके 1036, म्हणजे इ.स. 1114, असे स्वतःच नमूद करून आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलवीड असल्याचे सांगितले. हे विज्जलवीड म्हणजेच बीड, असा तर्क काहींनी मांडला, इतरांनी ते चाळीसगावनजीकच्या पाटण परिसरात शोधले, आणि लीलावतीचा फारसी तर्जुमा करणाऱ्या फैजीने तर बेदरचे नाव घेऊन या फिर्यादीत आणखी एक दावेदार उभा केला. बालाघाटाची रांग सह्याद्रीचीच शाखा असल्यामुळे बीडचा दावा सहजी खारीज करता येत नाही. पण नामसादृश्यापलीकडे दस्तऐवज नसताना तो मंजूर करण्याचेही आमच्याने होत नाही.

गावापेक्षा गणित अधिक मनोवेधक आहे. ज्या वर्गाला 61ने गुणून एक मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो, तो कोणता, असा प्रश्न आचार्यांनी बीजगणितात घातला. 61च्या जागी 60 घेतले तर 4 आणि 31 या संख्यांनी, 62 घेतले तर 8 आणि 63 यांनी काम भागते. परंतु मधली 61 ही मूळ संख्या मात्र 226153980 आणि 1766319049 यांहून लहान जोडी हाती लागू देत नाही. शेजारच्या दोन संख्या अशा सालस आणि ही एकटीच इतकी हट्टी! चक्रवाल पद्धतीने, जी आचार्यांच्या पूर्वीच जयदेवाला अवगत होती, आरंभ होतो तो आठाच्या वर्गातून 61 वजा जाता उरणाऱ्या तिनापासून. पुढच्याच फेऱ्यात 39चा वर्ग 61 गुणिले 25 यापेक्षा चाराने उणा पडतो, आणि तेथून ब्रह्मगुप्ताच्या भावनेने, म्हणजे दोन उत्तरांच्या संयोगाने तिसरे साधण्याच्या युक्तीने, 29718 व 3805 ही जोडी निघते, जिच्यात अंतर उणे एक राहते. चाराने भागता एक उरणाऱ्या प्रत्येक मूळ संख्येला असे उणे एकाचे उत्तर असतेच. त्या जोडीचा तिच्याशीच संयोग केला की इष्ट उत्तर सिद्ध होते. फर्माने 1657 साली नेमकी हीच 61 युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवली, तेव्हा बीजगणित लिहून पाच शतके उलटली होती.

आचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी पाटण येथे मठ स्थापला, आणि डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणलेल्या 1207च्या सुमाराच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे लेख बीड जिल्ह्यातील आंबेजोगाईस आहेत. तेव्हा जन्मगावाचा निकाल काहीही लागो, आचार्यांच्या विद्येला आश्रय देणाऱ्या राज्याचा बीडचा मुलूख निःसंशय भाग होता. पाटणच्या लेखाचा अखेरचा, मराठीतला मजकूर तर निव्वळ हिशेबी आहे: बाजारातील देवघेवीवर मठाचा लाग किती आणि तेलघाण्यांनी मठाला तेल किती द्यावयाचे.